दुसरी बाजू सारखीच

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला गाडी आपणहून वळली. गाडी म्हणजे गाडीचा सांगाडा. इंजिन, चाकं, दारं, काचा, सीटा, असं जे जे निघण्यासारखं होतं ते काढल्यावर उरलेलं पत्र्याचं खोकं. आणि तेही जमिनीवर नव्हे, तर पुढून एक आणि मागून एक अशा दोन लोखंडी खांबांनी धरलेलं, छातीच्या उंचीवर, अधांतरी. वेल्डरनं लॉकची पीन उपसली. गाडीच्या मालकानं बोट पुढे केलं. सात महिने तो याच क्षणाची वाट बघत होता. एका बोटानं तीनशे दहा किलो फिरवायचे आणि बोट काढलं की सांगाडा जिथल्या तिथे थांबला पाहिजे, यासाठीच हा सगळा खटाटोप होता. बोट टेकायच्या आतच सांगाडा डावीकडे कलला, कलत गेला, आणि डावी कूस जमिनीकडे करून दोन-चार झोके खाऊन थांबला. त्यानं तो परत सरळ केला. सांगाडा परत वळला. तिसऱ्यांदा त्यानं जरा दरडावल्यासारखा हात लावला. त्यानंही काही फरक पडला नाही. 'साहेब, हिशोब चुकला वाटतं,' वेल्डर म्हणाला. तो एरवी खिडक्यांच्या जाळ्या आणि दुकानांची शटरं करायचा, आणि या कामाला तो पहिल्या दिवसापासून पाळणा म्हणत होता. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. ढग आलेत वाटतं, असं म्हणावं तसा तो म्हणाला. पण चुकला हा शब्द ऐकला की मालकाच्या पोटात आधी कबुली तयार व्हायची आणि काय चुकलं ते मागाहून शोधावं लागायचं. तशी ती आत्ताही झाली. मग तिच्यामागून, थोडी उशिरा पण चांगली कढत, चीड आली.

कारण हिशोब चुकणं शक्य नव्हतं. छत्तीस वर्षं त्यानं लिफ्टच्या कंपनीत ड्रॉइंगं काढली होती. चाळीस मजल्यांची विहीर त्याच्या कागदावरून उभी राहायची आणि लिफ्ट तिच्या भिंतीला कधी घासायची नाही. या सांगाड्याचा प्रत्येक पत्रा त्यानं मोजला होता, जाडी घेतली होती, वजनं मांडली होती, गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच ते मिलिमीटरमधे काढलं होतं आणि आस बरोबर तिथून नेली होती. दारांच्या मोकळ्या जागांत आडवे-तिरपे पाइप ठोकून घेतले होते, नाहीतर उलटं केल्यावर खोकं चेमटलं असतं. पुस्तकात असतं तसं सगळं केलं होतं. 'डावीकडे माल जास्त आहे,' वेल्डर म्हणाला. 'असू शकत नाही. ड्रॉइंगमधे नाही.' वेल्डरनं सांगाड्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, 'तिनं ड्रॉइंग वाचलं नसेल.' यावर हसणं भाग होतं, पण हसताना त्याच्या लक्षात आलं की डावी बाजू त्यानं मोजलीच नव्हती. गाडी चाळीस वर्षं या शेडमधे डावी बाजू भिंतीला टेकवून उभी होती. हात जात होता तो उजवीकडे. त्यानं उजवी बाजू मोजली, मधोमध तुटक रेघ मारली, आणि ड्रॉइंग ऑफिसात ज्या रिवाजानं त्याचं आयुष्य गेलं त्याच रिवाजानं रेघेपलीकडे अर्धा कागद कोरा ठेवून खाली सुबक अक्षरात लिहिलं: दुसरी बाजू सारखीच. हे वाक्य त्यानं नोकरीत काही हजार वेळा लिहिलं असेल. एकदाही कुठल्या दुसऱ्या बाजूनं तक्रार केली नव्हती.

हा पाळणा कशासाठी, असं बायकोनं विचारलं होतं तेव्हा त्यानं तळ गंजलाय, खालून काम करायचं तर गाडी फिरवता आली पाहिजे, पाठीवर झोपून वर तोंड करून घासलं तर गंज डोळ्यांत जातो, वगैरे सांगितलं. ते खरंच होतं. पण बायकोशी एकतीस वर्षं संसार झालेला. ती म्हणाली, 'म्हणजे भाऊजींना एक चक्कर मारून आणायला.' तेही खरंच होतं. त्याला गाडी चालू करायची होती, दादाला मागच्या सीटवर मधे बसवायचं होतं, जिथे बसलं की पाय दोन्हीकडे फाकवावे लागतात आणि मांडीवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या येतात, आणि स्वतः पुढे बसून, काही न बोलता, गावाला एक वळसा घालायचा होता. कारण मागच्या सीटवरची ती मधली जागा गेली चाळीस वर्षं त्याची होती. घरात गाड्या आल्या आणि गेल्या, दादानं घेतल्या, पुतण्यानं घेतल्या, अलीकडे तर सुनेनं घेतली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी किल्ली त्याच्या नाकासमोर नाचवून म्हणायचं, 'खड्डोपंतांना देऊ का?' आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. न हसलं तर चिडला म्हणतात.

खड्डा खरोखर होता. त्याचं वय एकोणीस, गाडीचा रंग हिरवा, शेजारी वडील, मागे आई आणि दादा. शाळेसमोरच्या रस्त्यावर एक खड्डा आला, धड घोट्याएवढाही नसेल, आणि पुढचं डावं चाक त्यात उतरलं. फार काही झालं नाही. फक्त खालून कपाट मोडल्यासारखा आवाज आला आणि गाडी मधेच बसली. या गाडीला वेगळी चेसी नव्हती, पोटाचा पत्रा हाच कणा. डावीकडची दोन्ही दारं अडकली, सगळे उजवीकडून एकामागून एक उतरले. वडिलांनी खाली वाकून पाहिलं. मग उठले, हात झटकले आणि जमलेल्या लोकांकडे पाहून, त्याच्याकडे न पाहता, म्हणाले, 'मोडला कणा.' इतकंच. पण मोडला म्हणजे कोणी, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. त्यानंतर गाडी ढकलत शेडमधे आणली गेली, भिंतीला लावली गेली, आणि खड्डा मात्र रस्त्यावरून निघून घरात राहायला आला. पहिल्या वर्षी तो घोट्याएवढा होता. दादाच्या साखरपुड्यापर्यंत गुडघ्याएवढा झाला. भाचीच्या लग्नात त्यात म्हैस बसत होती. वडील स्वतः कधी खड्डोपंत म्हणाले नाहीत. कोणी म्हटलं की ते खिडकीतून बाहेर बघायचे आणि थोडं थांबून म्हणायचे, 'चांगली गाडी होती.' हे जास्त लागायचं. आणि आई, कोणी तसं म्हटलं की न विचारता त्याच्या ताटात आणखी एक वाढायची. खड्डोपंत म्हटलं की एक पोळी, इतकं ते ठरलेलं होतं. त्याला वाटायचं, माया.

'खरवडू?' वेल्डर विचारत होता. डावी कूस खाली गेल्यानं गाडीचं पोट त्यांच्यासमोर भिंतीसारखं उभं होतं, काळंकुट्ट, डांबराच्या थरांनी फुगलेलं. त्यांनी सांगाडा उलटा फिरवला, डावी बाजू वर आणली, पीन ठोकली. वेल्डरनं पट्टी घातली. डांबर खपल्यांनी निघू लागलं, जुन्या डांबराचा तो शाळेच्या गच्चीसारखा वास शेडभर झाला, आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्याखाली, हातभर लांब, वीतभर रुंद, पत्र्याहून पाचपट जाड असं, ठिगळासारखं डकवलेलं एक लोखंडी चॅनल उघडं पडलं. त्याच्या बरोबर मधोमध, आडवी, एक चीर. आता ही चीर मात्र त्याची होती, शाळेसमोरची. ती त्यानं बघताक्षणी ओळखली. पण चॅनल कोणाचं? वेल्डर कडेकडेनं वेल्डिंगच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत गेला, दुसऱ्याचं अक्षर वाचावं तसा. 'गॅसचं काम आहे. जुना हात आहे, सावकाश केलंय. पण इथे बघा, मधे फार तापवलंय. पत्रा जळालाय. हे आज ना उद्या जाणारच होतं. खड्डा कशाला लागतो, जरा उडी बसली तरी जाईल.' मग तारेच्या ब्रशनं त्यानं एक टाका उजळला आणि थांबला. टाक्यावर रंग होता. वर हिरवा, आणि हिरव्याच्या खाली, टाक्याच्या खाचांत जाऊन बसलेला, मलईच्या रंगाचा.

गाडी मलई रंगाची होती ती तो तिसरीत जाईपर्यंत. आत्याच्या लग्नाआधी ती हिरवी केली, आणि रंग ओला असताना त्यानं बोट लावलं म्हणून त्याला मार बसला होता. तेवढी तारीख पक्की. म्हणजे हे चॅनल तिसरीच्या आधीचं. म्हणजे तो पाटीवर पेन्सिल फिरवत असताना, किंवा त्याही आधी, गाडीचा कणा मोडून, जोडून, रंगवून झालेला होता. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी त्यानं जे मोडलं ते मोडलेलंच होतं. तो स्टुलावर बसला. आनंद व्हायला हवा होता. निर्दोष सुटलेल्या माणसाला होत असावा तसा. पण झालं असं की वडिलांचं ते खिडकीतून बाहेर बघणं आठवलं, आणि 'चांगली गाडी होती' आठवलं, आणि खाली वाकलेले वडील आठवले. त्यांनी वाकून काय पाहिलं असेल ते आत्ता, चाळीस वर्षांनी, त्यांच्या डोळ्यांनी त्याला दिसलं. त्यांनी हीच चीर पाहिली. स्वतः करवून घेतलेलं चॅनल पाहिलं. मग उठले, हात झटकले. त्यांनी निदान हात झटकायला नको होते. माणूस जाऊन बारा वर्षं झालेली. भांडायला समोर एक फोटो, तोही दादाकडे. चीड अशी आली की कुठे ठेवावी कळेना, आणि मग ती त्याच्या हातापायांनी उचलली आणि सरळ घरात, आईच्या खोलीत नेली.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि भिंग घेऊन शब्दकोडं सोडवत होती. 'हात धू आधी,' ती वर न बघता म्हणाली. त्यानं हात धुतले. धुता धुता चीड थोडी वाहून गेली, म्हणून तो घाईनं परत आला. 'आई, मी ती खड्ड्यात घालायच्या आधी गाडी कुठे आपटली होती का?' 'कुठली गाडी?' 'आपल्याकडे किती आहेत?' आईनं भिंग खाली ठेवलं. 'मैलाचा दगड होता,' ती म्हणाली. 'डावीकडचा. का रे, तुला माहीत नव्हतं?' हा प्रश्न तिनं अगदी साधेपणानं विचारला. 'कोणाला माहीत होतं?' 'मला माहीत होतं. ह्यांना माहीत होतं. जोडणाऱ्याला माहीत होतं. म्हणजे तसं बऱ्याच जणांना माहीत होतं.' 'कधी झालं हे?' 'तू मांडीवर होतास. म्हणजे त्या दिवशी नव्हतास, त्या दिवशी तुला शेजारी ठेवलं होतं. गाडीत मी आणि हे.' आणि ती परत भिंगाकडे हात नेऊ लागली. तो म्हणाला, 'आणि त्यांनी दगडावर घातली.' 'हे कुठे चालवत होते?' आई म्हणाली. 'मी चालवत होते.'

त्याच्या घरात आई कधी गाडी चालवू शकत असेल, ही गोष्ट त्याला इतकी नवी होती की मोडलेल्या कण्यापेक्षा तीच जास्त बसली. आई सांगत गेली. तीन महिने रोज सकाळी, रस्ते रिकामे असताना, वडील तिला शिकवत होते. तिला येत होतं. चांगलं येत होतं. वळणावर गिअर टाकताना ह्यांचा आवाज व्हायचा तसा तिचा व्हायचा नाही. त्या दिवशी रस्ता सरळ होता, पुढे मैलाचा दगड होता, आणि तिनं तो लांबून बघितला होता. 'मी बघितलेला दगड ह्यांना मला दाखवायचा होता,' आई म्हणाली. 'दगड दगड म्हणून ओरडले आणि स्टिअरिंग धरून ओढलं. ओढलं ते दगडाकडेच. मग घरी येताना म्हणाले, काळजी करू नकोस, मी कोणाला सांगणार नाही. तुझ्यावर येऊ देणार नाही.' तिचा आवाज चढला नव्हता. 'मी कुठे म्हटलं होतं, सांगू नका म्हणून? सांगा की. सगळं सांगा. तर नाही. माझ्यावर उपकार केले, आणि परत किल्ली दिली नाही.' त्यानं आपली चीड शोधली. ती होती, पण आता या खोलीत तिला बसायला जागा नव्हती. तरी तो म्हणाला, कारण आता नाही म्हटलं तर कधी म्हणणार, 'आणि मी चाळीस वर्षं खड्डोपंत. तू समोर बसून पोळी वाढायचीस.' आईनं शब्दकोडं बाजूला सरकवलं. 'तुला निदान नाव तरी मिळालं,' ती म्हणाली. 'मी चालवत होते हे आज तुला सोडून कोणाला माहीत नाही.' मग तिनं भिंग उचललं. ती पोळी म्हणजे माया नव्हती तर. कोणाचं तरी तोंड बंद ठेवायची ती रीत होती, आणि ते तोंड त्याचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं.

बुधवारी सकाळीच तो परत शेडमधे गेला. गाडीची डावी बाजू त्यानं मोजली. कोऱ्या सोडलेल्या अर्ध्या कागदावर, तुटक रेघेच्या पलीकडे, चॅनल त्याच्या जाडीसकट काढलं, टाके काढले, चीर काढली, आणि खालचं ते सुबक वाक्य खोडरबरानं पुसलं. आस चौतीस मिलिमीटर डावीकडे न्यावी लागत होती. वेल्डर म्हणाला, 'सरकवायचं कशाला? हे चॅनल कापून टाकू, नवा पत्रा घालू. नाहीतरी घालायचाच आहे.' 'रविवारनंतर,' तो म्हणाला. 'रविवारी काय आहे?' 'भाऊ येणार आहे.' वेल्डरनं मान डोलावली. शटरं करणाऱ्या माणसाला भाऊ हा विषय समजावून सांगावा लागत नाही. शुक्रवारी त्यांनी दोन्ही खांबांवर नव्या खाचा पाडल्या, सांगाडा सरकवला, बोल्ट आवळले. वेल्डरनं पीन उपसली. सांगाडा हलला नाही. एक बोट लावल्यावर तो फिरला, पोट वर करून थांबला. परत लावल्यावर कुशीवर, मग टपावर, जिथे सोडावा तिथे. 'हिशोब बरोबर होता साहेब,' वेल्डर म्हणाला. 'अर्धा होता एवढंच.'

रविवारी दादा आला. दादा बँकेतून निवृत्त झालेला, आवाज अजून काउंटरपलीकडे पोचेल असा. त्याच्यासाठी सांगाडा तिरपा करून ठेवलेला होता, चॅनल बरोबर दादाच्या डोळ्यांसमोर येईल असा, टाके घासून लख्ख केलेले, हिरव्याखालचा मलई रंग ओल्या फडक्यानं पुसलेला. भाषण तयार होतं. आधी रंग, मग तिसरी, मग आत्याचं लग्न, मग गॅसचा टाका; शेवटी, आवाज न चढवता, 'आता सांग, कोणी मोडला.' आई शेडमधे वेताच्या खुर्चीत बसली होती. ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती काठी घेऊन स्वतःच आली होती. दादानं सांगाड्याभोवती एक चक्कर मारली, खांबाला टिचकी मारली आणि चॅनलसमोर थांबला. चष्मा वर केला. चिरेत नख घातलं. 'वा!' तो म्हणाला. 'काय खड्डोपंत, तुमची करामत जपून ठेवलीत की! आई, हे बघ, मोजून घे, ह्यात म्हैस मावते का ते.'

तो बोलायला लागला. 'दादा, हा रंग बघ,' इतकं म्हणालाही. मग त्यानं आईकडे पाहिलं. आई शेडच्या दारातून बाहेर बघत होती, मान थोडी वळवून, ओठ मिटून, अगदी खड्ड्याच्या दिवशी मागच्या सीटवरून बघत होती तशी. भाषणातला पुढचा मुद्दा तिसरीचा होता, त्याच्यापुढे आत्याचं लग्न, आणि त्या सगळ्यांच्या टोकाला वेताच्या खुर्चीत बसलेली ही. दादा विचारणार, मग कोणी मोडला? आणि मग आजपासून पोळी कोणाच्या ताटात? 'काय रंग?' दादा म्हणाला. 'काही नाही,' तो म्हणाला, आणि पीन उपसून त्यानं सांगाड्याला हात लावला. चॅनल आवाज न करता खाली गेलं, अंधारात, जमिनीकडे. गाडीचं टप वर आलं. त्याला एकदम हलकं वाटलं, मोठं, उदार वाटलं. छाती जरा फुगलीसुद्धा. आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं की वडिलांना त्या दगडापासून घरी येताना गाडीत अगदी असंच वाटलं असणार. हात झटकायला म्हणून वर आलेले आपले दोन्ही हात त्यानं पाहिले. इतका संताप त्याला मंगळवारीही आला नव्हता.

काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. आई उठली होती. 'आई, तू कशाला, बस ना,' दादा म्हणाला. ती सांगाड्यापाशी आली, काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचं एक बोट टपाच्या कडेला लावलं. तीनशे दहा किलो फिरले. टप गेलं, पोट आलं, डांबर आलं, आणि चॅनल वर येऊन दादाच्या नाकासमोर उभं राहिलं. तिनं बोट काढलं. सांगाडा जिथल्या तिथे थांबला. 'पीन लाव,' ती त्याला म्हणाली. त्यानं पीन लावली.

'खड्डा नव्हता हा,' आई दादाला म्हणाली. 'मैलाचा दगड होता. आणि मी चालवत होते.'

दादाचा चष्मा अजून कपाळावर होता. त्यानं तो डोळ्यांवर घेतला, चॅनलकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत चॅनलकडे. काउंटरपलीकडे पोचणारा आवाज कुठे मिळेना म्हणून त्यानं बारीकसा वापरला. 'तू? अगं, पण मग... दगड दिसला नाही का तुला?'

आईनं काठी परत उजव्या हातात घेतली.

'बघितला होता,' ती म्हणाली. 'तुम्हा सगळ्यांच्या आधी बघितला होता.'